चित्रातल्या टॉवरचा अंदाज

पुतण्या मुंबईत नोकरीला आहे. मध्यंतरी त्याने मोबाइलवर एक चित्र पाठवलं. जांभळट आभाळ, खाली मुंगीएवढ्या गाड्या आणि मधोमध काचेचा एक सुळका. प्रत्येक बाल्कनीत एक कुंडी, पण शेकडो बाल्कन्या मिळून दोरीवर एक कपडा नाही. खाली त्याने लिहिलं होतं, "काका, हा टॉवर अजून बांधायचाय. जागेवर नुसते पत्रे ठोकलेत. कसा होईल, सांगा बरं."

पांढुर्ण्याजवळच्या आमच्या तिगावात उंच वस्तू मोजक्याच: देवळाचा कळस, पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा. तरी संत्र्याच्या बागेतून परतलेले शेजारचे भाऊ ओट्यावर टेकले, चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि म्हणाले, "गुरुजी, बाकी राहू द्या. एवढ्या उच्चावर पाणी कसं चढवत असन?"

शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच आला. चित्र बघून बाकी सगळे काचेबद्दल बोलतात. भाऊंनी मात्र इमारतीच्या नाडीवर बोट ठेवलं. न बांधलेल्या टॉवरचा अंदाज चित्रावरून बांधायचाच नसतो, कारण चित्र गिऱ्हाइकासाठी काढलेलं असतं. त्या टॉवरला कोण कोण दाबणार आहे ते आधी बघायचं. खालून जमीन, बाजूने वारा, वरून विमान, आतून पाणी, लिफ्ट आणि जिना. नियम तर चारही बाजूंनी. एवढे दाब ओळखले की निम्मा नकाशा घरी बसून काढता येतो. उरलेला निम्मा चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे बघण्यातच मजा आहे.

अशा चुकलेल्या अंदाजाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईत लोअर परळला उभं आहे. श्रीनिवास मिलच्या जागेवर लोढा समूहाने २०१० मध्ये 'वर्ल्ड वन' नावाचा राहण्याचा टॉवर जाहीर केला. उंची ४४२ मीटर, मजले ११७. आराखडा न्यूयॉर्कच्या पेई कॉब फ्रीड अँड पार्टनर्स यांचा. सांगाड्याचं गणित लेस्ली रॉबर्टसन यांच्या कंपनीचं, म्हणजे ज्यांनी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचा सांगाडा रचला होता त्यांचं. जगातली सगळ्यात उंच राहती इमारत मुंबईत होणार, अशी तेव्हा हवा होती. २०११ मध्ये काम सुरू झालं. आज तिथे जाऊन मान वर केली तर २८०.२ मीटर आणि ७६ मजले दिसतात. एक्केचाळीस मजले कागदावरच राहिले. वारा, पाया, लिफ्ट, पाणी या सगळ्यांची उत्तरं ज्यांच्याकडे होती त्यांना विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी मिळाली नाही.

पण विमानाकडे जाण्याआधी जमिनीपासून सुरुवात करू. आमच्याकडे घर बांधताना मिस्त्री पहिली गोष्ट सांगतो, मुरूम लागेपर्यंत खणा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर टेकवलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते. मुंबईच्या टॉवरचा नियमही हाच आहे, फक्त आकडे मोठे. लोअर परळचा भाग जुन्या बेटांच्या मधला सखल पट्टा होता. वरळीची खाडी अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने अडवली, तेव्हा कुठे तो राहण्याजोगा झाला. वरची भर आणि चिखल काढला की खाली लागतो तो काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. पांढुर्ण्याच्या आसपास विहीर खणताना जो काळा दगड सुरुंगाशिवाय हटत नाही, तोही त्याच लाव्ह्याच्या थरांमधला. त्यामुळे मुंबईतल्या उंच टॉवरच्या पायाचा अंदाज फारसा चुकत नाही. खाली खडक आहे, भार त्याच्यावर उतरवायचा. दुबईचं तसं नाही. बुर्ज खलिफाच्या खाली ठिसूळ खडक आणि खारं पाणी. तिथे पायाची कथाच निराळी.

दगडासारखाच टॉवरच्या सळईचाही आमच्या भागाशी संबंध आहे. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, ही बातमी अलीकडची. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत मात्र सौसरचं नाव फार जुनं आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीज असलेल्या प्राचीन खडकांच्या गटाला 'सौसर समूह' म्हणतात. पोलादात मँगनीज नसेल तर त्यातलं गंधक तापलेल्या पोलादाला ठिसूळ करतं. मँगनीज त्या गंधकाला धरून बसतं आणि पोलादाला ताकदही देतं. मुंबईच्या अमुक टॉवरमध्ये सौसरचं मँगनीज आहे असं म्हणण्यात अर्थ नाही, पण मँगनीजशिवाय एकाही टॉवरची सळई वाकवून दाखवता येणार नाही.

आता मजल्यांचं गणित. शहरात भूखंडावर किती बांधता येईल हे चटईक्षेत्र निर्देशांक ठरवतो. लोक त्याला एफएसआयच म्हणतात. समजा ४,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि निर्देशांक ३ आहे. मुंबईत त्यावर ३५ टक्के 'फंजिबल' मिळतं, पैसे भरून. म्हणजे एकूण १६,२०० चौरस मीटर. हे धान्य समजा. मजल्याचं क्षेत्र ६०० चौरस मीटर ठेवलं तर २७ मजले होतात. ४०० ठेवलं तर ४० च्या वर जातात. ज्वारी तेवढीच, तुम्ही तिची रास घाला की कणगी भरा. उंची बिल्डरच्या निवडीची असते ती इथे. आणि वरच्या मजल्याला दर जास्त मिळतो, त्यामुळे तो कणगीच भरतो.

गिरण्यांच्या जमिनींवर कणग्या का उगवल्या याचं कारणही नियमांतच आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीची जमीन तीन वाट्यांत विभागायची असं ठरलं. एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीतून सुटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. आज परळ-वरळीच्या आभाळाचा जो दातेरी आकार दिसतो, त्याचा खरा आराखडाकार म्हणून मी त्या एका दुरुस्तीचं नाव घेईन. परदेशी आर्किटेक्ट नंतर आले.

मजल्यांच्या आकड्यावर मात्र पटकन विश्वास ठेवू नये. माझी एक सोपी परीक्षा आहे, उंचीला मजल्यांनी भागायचं. वर्ल्ड वनची ठरलेली उंची भागली तर मजल्याला ३.७८ मीटर येतात आणि उभ्या राहिलेल्या इमारतीत ३.६९. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे आकडे प्रामाणिक. वरळीच्या श्रीराम मिलच्या जागेवरचा 'पॅले रोयाल' ३२० मीटर आणि ८८ मजल्यांचा. तिथेही साडेतीनच्या वरच येतात. याउलट अल्टामाउंट रोडवरची 'अँटिलिया' १७३ मीटर उंच, पण मजले २७. मजल्याला ६.४ मीटर. तेवढ्या उंचीत साधे चाळीस-पंचेचाळीस मजले सहज बसले असते. बुर्ज खलिफाचं तर पुढचंच. ८२८ मीटरपैकी वरचे २४४ मीटर राहण्याच्या कामाचे नाहीत, नुसता कळस. देवळाचा कळसही राहण्यासाठी नसतो, पण देवळाने तसा दावाही केलेला नसतो.

भाऊ इथपर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आन पडत कसा नाही तो?"

उभी वस्तू वजनाने क्वचित पडते, ती वाऱ्याने पडते. भारतीय मानकाच्या वाऱ्याच्या नकाशात मुंबई आणि नागपूर दोन्ही एकाच पट्ट्यात आहेत, सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. समुद्रकाठची मुंबई आणि आमचं उन्हाळी वावटळींचं नागपूर एका रांगेत बघून मलाही नवल वाटलं होतं. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. दरवाजाएवढ्या जागेवर तीन माणसं अंगाने रेलल्यासारखा. हा हिशेब जमिनीपासून दहा मीटरवरचा. वर जाल तसा वारा वाढतो, आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता कळीचं गणित. इमारतीची रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर पायथ्याशी उलथवणारा जोर चौपट होतो. वाऱ्याला पाठ दुप्पट मिळते आणि तरफेचा हातही दुप्पट होतो. ४४२ मीटरची इमारत २८० वर आणली की हा जोर ठोकळमानाने ४० टक्क्यांवर येतो, वारा वर सगळीकडे सारखाच धरला तरी. मजले एक तृतीयांशाहून थोडे जास्त कमी झाले, पण वाऱ्याचा ताण साठ टक्क्यांनी उतरला. म्हणून टॉवरची उंची किती याहून तो उंचीच्या मानाने रुंद किती हा प्रश्न आधी विचारावा. न्यूयॉर्कच्या '४३२ पार्क ॲव्हेन्यू'ची उंची ४२६ मीटर आणि रुंदी २८ च्या आसपास, म्हणजे एकास पंधरा. त्याच शहरातला '१११ वेस्ट ५७ वा रस्ता' हा टॉवर एकास चोवीस. ऊस ज्याला म्हणतात तो तोच.

४३२ पार्कमध्ये दर बारा मजल्यांनंतर दोन मजले मोकळे ठेवलेले आहेत, वारा आरपार जावा म्हणून. आमच्या मोबाइल मनोऱ्याला हे कुणी शिकवलं नाही, तो पहिल्यापासून जाळीचाच आहे. भिंत अशी नसल्याने वाऱ्याला धरायला काही मिळत नाही. माणसांना जाळीत राहता येत नाही, ही टॉवरची अडचण.

वारा नुसता ढकलत नाही, आळीपाळीने ओढतोही. उभ्या खांबाच्या दोन्ही बाजूंनी वाऱ्याचे भोवरे एकेक करून सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्यांची लय इमारतीच्या डुलण्याच्या लयीशी जुळली तर इमारत वाऱ्याच्या दिशेला आडवी डोलू लागते. झोका देणारा जसा नेमक्या क्षणी हात लावतो तसं. यावर उपाय म्हणजे भोवऱ्यांना एकमत होऊ न देणं. कोपरे गोल करायचे, वर जाताना आकार बदलत न्यायचा, मध्ये फटी ठेवायच्या. बुर्ज खलिफाचा वर जाताना वळसे घेत कमी होणारा तीन पाकळ्यांचा आकार दिसायला फुलासारखा आहे खरा, पण त्याच्या प्रत्येक पायरीने वाऱ्याला गोंधळात टाकलेलं आहे. वर्ल्ड वनची बाह्यरेषाही गोल वळणांची आहे. चित्रात गोल कोपरे दिसले की जाहिरात 'समुद्राच्या लाटांपासून प्रेरणा' वगैरे म्हणते. मी तिथे वारा वाचतो.

डोलणं मात्र पूर्ण थांबवत नाहीत. उंच काँक्रीट इमारतींसाठी २०१७ मध्ये आपल्याकडे आयएस १६७०० हे वेगळं मानक आलं. ते ५० ते २५० मीटरच्या इमारतींना लागू आहे. त्याच्या वर गेलं की तज्ज्ञांची खास तपासणी. वाऱ्याने इमारतीचा माथा उंचीच्या पाचशेव्या भागापर्यंत सरकलेला चालतो. हीच पट्टी २८० मीटरला लावली तर अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. सांगाड्याला त्याचं काही नाही. पोटात ढवळतं ते माणसाच्या, आणि ते सरकण्यापेक्षा झटक्याने. म्हणून राहत्या इमारतीसाठी झटक्याची मर्यादा ऑफिसपेक्षा कडक ठेवली आहे. ऑफिसातला माणूस सहाला घरी जातो. घरातला माणूस वादळी रात्री तिथेच झोपायचा असतो, आणि छतावरचा दिवा हलताना बघायचा असतो.

राहत्या टॉवरची दुसरी खूण खिडकी आहे. ऑफिसच्या मजल्यावर मधल्या माणसाला दिवसभर ट्यूबलाइटखाली बसवलं तरी चालतं. घरात झोपायच्या खोलीला, स्वयंपाकघराला बाहेरची हवा लागते, आणि नियमही तेच सांगतो. त्यामुळे घरांचा मजला जाडजूड होऊ शकत नाही. मध्ये लिफ्ट आणि जिन्यांचा गाभा, त्याच्या भोवती खोल्यांचं एक कडं, की संपलं. भिंतीचा घेर वाढवायला मजला पाकळ्यांसारखा, इंग्रजी एक्स किंवा वाय सारखा फाकवतात. एका मजल्यावर चार घरं असली आणि चारही घरांना समुद्र दाखवायचा असला तर नकाशा कसा वाकेल हे कागदावर पेन्सिलीने काढून बघा. मी काढून बघितलं. चौथ्या घराला नेहमी रेल्वे दिसते.

मधला गाभा म्हणजे इमारतीचा कणा. त्याच्या जाड काँक्रीटच्या भिंती वाऱ्याचा बराचसा भार घेतात. उंची फारच वाढली तर या कण्यापासून बाहेरच्या खांबांपर्यंत मजलाभर उंचीचे दणकट हात काढतात. धावत्या एसटीत आपण पाय फाकवून उभे राहतो, तसं. हे हात राहत्या घरातून नेता येत नाहीत, म्हणून ते यंत्रांच्या मजल्यात लपवतात. बाहेरून तो मजला काळपट पट्ट्यासारखा दिसतो. चित्रात टॉवरच्या कमरेला असा पट्टा दिसला की तिथे पंप, टाक्या आणि बहुधा हे हात आहेत असं समजावं.

भाऊंच्या पाण्याचं उत्तर त्या पट्ट्यातच आहे. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ खाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब देतो. गावाच्या टाकीतून नळाला दीड-दोन किलो मिळतात. २८० मीटरवरून थेट पाइप सोडला तर तळमजल्याच्या नळाला २८ किलो येतील आणि तोटी भिंतीतून उडून जाईल. उलट खालून एका दमात वर चढवायचं तर पंप आणि पाइप दोन्ही तेवढा दाब सोसणारे हवेत. म्हणून टप्पे करतात. खालच्या टाकीतून मधल्या टाकीत, मधलीतून वरच्या. उतरतानाही तसंच, टप्प्याटप्प्याने दाब मोडत. भाऊंना मी तिगावच्या घाटाचं उदाहरण दिलं. नागपूरहून इटारसीकडे जाणारी मालगाडी इथवर एका इंजिनाने येते, पण पुढे चिचोंड्याच्या चढाला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. भाऊंना ते लगेच पटलं. त्यांच्या बागेतही विहिरीतून थेट शेवटच्या वाफ्यापर्यंत एका मोटरने पाणी जात नाही.

हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा धरतात. तीनशे घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे दिवसाला दोन लाख लिटर वर चढवायचे. शिवाय आगीसाठी वेगळा साठा. वरच्या टाक्यांतलं हे पाणी कधीकधी वाऱ्याच्या विरुद्ध डुलवून इमारतीचं हलणं कमी करायलाही वापरतात. तैपेईच्या १०१ मजली टॉवरमध्ये त्यासाठी ६६० टनांचा लोखंडी गोळाच टांगलेला आहे. पाणी स्वस्त पडतं.

आगीचं नाव निघालं की बाहेरून ओळखू येणारी आणखी एक खूण सांगायला हवी. मुंबईत साधारण २४ मीटरच्या उंचीवर पहिली आसऱ्याची जागा लागते, तिला सगळे 'रेफ्युज' म्हणतात. मग दर सातव्या राहत्या मजल्याला एक. आगीत जिन्यावर गर्दी झाली तर लोकांनी तिथे मोकळ्यावर थांबावं, अग्निशमन दलाने तिथून उचलावं. ही जागा एका मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात धरली जात नाही, आणि फुकटची जागा म्हटली की ती फुगवायचा मोह होतोच. त्यावरून वादही झाले आहेत. चित्रात दर सात मजल्यांनी काचेत एक दात पडल्यासारखा दिसला तर चित्र खरं आहे. अखंड काच दिसली तर ते चित्र काढणाऱ्याला अग्निशमन दल माहीत नाही.

पायथ्याशी चार-सहा मजले बिनखिडकीचे, जाळीचे दिसतात ते गाड्यांचे. भरतीच्या पाण्याशेजारी खोल तळघर खणणं महाग, म्हणून मुंबईची गाडी पोडियमवर चढते. एक फायदा बिल्डरला आयता मिळतो, पहिलंच घर बरंच वर सुरू होतं आणि त्याला तळमजला म्हणावं लागत नाही.

आणि आता वरचा दाब. विमानतळाभोवती आभाळाला अदृश्य छत असतं. धावपट्ट्यांपासून चार किलोमीटरपर्यंत ते ४५ मीटरवर सपाट, मग तिरकं चढत जातं. पुढेही मोठ्या विमानतळाभोवती कुठे किती उंची चालेल याचे रंगीत नकाशे केलेले आहेत. त्यातला एक बारकावा भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. ही उंची जमिनीपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. म्हणजे मलबार हिलच्या टेकडीवर बांधणाऱ्याचे टेकडीएवढे मीटर आधीच खर्च झालेले असतात, आणि परळच्या सखल भागातल्याला ते वाचतात. मुंबईचे उंच टॉवर सांताक्रूझच्या आसपास का नाहीत आणि भायखळा, परळ, वरळी, ताडदेव या पट्ट्यातच दाटीने का आहेत, याचं अर्धं उत्तर या छतात आहे. उरलेलं अर्धं गिरण्यांत. लोअर परळही त्या छताबाहेर नव्हतं, आणि ४४२ मीटरला त्यात जागा निघाली नाही. चर्नी रोडजवळ 'इंडिया टॉवर' नावाचा ७०० मीटरहून उंच मनोरा नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीने आखला होता. २०११ मध्ये तो थांबला आणि पुढे बारगळला. मुंबईतल्या अतिउंच टॉवरबद्दल माझा साधा ठोकताळा असा झाला आहे: जाहीर उंचीच्या दोन तृतीयांश धरून चालावं. वर्ल्ड वनला तो जवळजवळ बरोबर लागतो. पॅले रोयालला चुकला. कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली, पण तो ३२० पर्यंत पोचला.

एवढे सगळे दाब सोसूनही इमारत देखणी होऊ शकते, हे मला कंबाला हिलच्या कांचनजंगाकडे बघून पटतं. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. ८४ मीटर, २८ मजले, ३२ घरं, आजच्या मानाने ठेंगणी. तिथे पेच हवामानाचा होता. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचा देखावा पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाची झड दोन्ही तिकडूनच. वाऱ्याला तोंड द्यावं तर घर भिजतं आणि तापतं. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती ओसरी काढून उत्तर शोधलं होतं. आमच्याकडच्या छपरीचं कामही तेच, मे महिन्यात तिच्याशिवाय घरात पाऊल टाकवत नाही. कोरियांनी ती ओसरी उचलून आभाळात नेली. इमारतीचे कोपरे कोरून दोन मजले उंच बागा काढल्या, त्यामागे घर सावलीत बसवलं. लिफ्टचा गाभा आधी सलग वर ओतून घेतला आणि घरं नंतर त्याच्याभोवती बांधली. कोऱ्या कागदावर ऊन, वारा, पाऊस मांडले असते तर विचार करणाऱ्या माणसाला ही इमारत बांधण्याआधी जवळपास ओळखता आली असती. आजच्या काचेच्या सुळक्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. पश्चिमेची काच एसीच्या भरवशावर उभी असते, आणि तिच्या जागी दुबई, शांघाय, गुरुग्राम काहीही लिहा, चित्र बदलत नाही.

पुतण्याला मी उत्तर पाठवलं. आधी महारेराच्या, म्हणजे घरबांधणी नियामकाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशा बघ. बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या वर आहे तर पर्यावरण मंजुरीचे कागदही असणार. त्यांत पाणी, गाड्या, उंची सगळं मिळेल. मग माझा अंदाज लिहिला: पायथ्याला पाच मजले गाड्यांचे; मजल्यावर चार घरं, त्यातल्या एकाला रेल्वे; गोल कोपरे राहतील; दर सात मजल्यांनी एक दात; कमरेला एक काळा पट्टा; जाहिरातीतल्या उंचीतून तिसरा हिस्सा वजा. दोन दिवसांनी त्याने मंजूर नकाशाचं पान पाठवलं. गाड्यांचे मजले सहा निघाले. बाकी बरंचसं जुळत होतं.

भाऊंच्या घरून वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला. गच्ची कोणती ते विचारलं. मी दाखवलं: इथे पाण्याच्या टाक्या, इथे लिफ्टची यंत्रं, इथे विमानांसाठी लाल दिवा.

"मंग कुरड्या कुठं टाकतीन?"

स्वयंपाकघराला लागून सव्वा मीटरची एक पट्टी होती. तिच्यात वॉशिंग मशीन काढलेलं होतं.